भिक्षूने संसारात पडावे काय?



ज्या माणसाने घर सोडले, बायकामुले सोडली, पैशाला हात लावणार नाही असे व्रत घेतले, त्याने जगाच्या उठाठेवीत पडावे की पडू नये? राजा अन्याय करतो आहे, दोन गावांत पाण्यावरून जुंपली आहे, गरिबाच्या घरी चूल पेटत नाही, अशा वेळी त्याने डोळे मिटून ध्यान करीत बसावे की उठून रस्त्यावर यावे? तो रस्त्यावर आला तर 'हा कसला विरक्त?' असे लोक म्हणतात, आणि जागचा हलला नाही तर 'हा आयत्या पिठावर रेघोट्या ओढतो' असेही तेच लोक म्हणतात. बौद्ध धर्मात हा प्रश्न अडीच हजार वर्षे चर्चिला जात आहे आणि आजही तो सुटलेला नाही.

आमच्या अंकात भिक्षूंचा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. आमच्या धर्मात मठ नाही आणि भिक्षूही नाही. लग्न करून मुलेबाळे वाढविणे ही आमच्याकडे पहिली आज्ञा मानली जाते. हे सर्व खरे. तरीही हा विषय आम्हांला परका नाही. ज्या कोकणपट्टीत आमच्या वाडवडिलांनी घाणे चालविले, तेथील डोंगर बौद्ध भिक्षूंच्या लेण्यांनी भरलेले आहेत. आजच्या रायगड जिल्ह्यात मांदाडजवळ कुडे येथे लेणी आहेत. रोहे, तळे, म्हसळे ही आमच्या लोकांची गावे तेथून दूर नाहीत. शिवाय धर्मासाठी आयुष्य वाहून घेतलेल्या माणसाचे इतरांशी देणेघेणे काय, हा प्रश्न आज इस्राएल देशातही घरोघर वादाचा झाला आहे. दुसऱ्याच्या अंगणातली गोष्ट नीट पाहिली तर आपल्या अंगणातलीही दिसू लागते, म्हणून हा प्रपंच.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. भिक्षू म्हणजे जगाशी संबंध तोडून रानात कंदमुळे खाऊन राहणारा माणूस, अशी पुष्कळांची कल्पना असते. बुद्धाने घालून दिलेले नियम पाहिले तर याच्या अगदी उलट दिसते. श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड येथे जी थेरवाद परंपरा चालते तिच्यात भिक्षूला 227 नियम पाळावे लागतात. त्यांतले काही पहा. त्याने जमीन खणू नये, झाडपाला तोडू नये; म्हणजे शेती बंद आणि कंदमुळेही बंद. त्याने सोन्यारुप्याला शिवू नये. म्हणजे विकत घेणे बंद. आज मिळालेले अन्न उद्यासाठी ठेवू नये. दुपारनंतर जेवू नये. आणि पाणी व दातवण सोडून जे तोंडात घालायचे ते कोणीतरी हाताने दिलेले असले पाहिजे. या सर्व नियमांची गोळाबेरीज काय होते? भिक्षूला रोज सकाळी पात्र घेऊन माणसांच्या दाराशी जाणे भाग पडते. तो तोंडाने मागत नाही. मुकाट्याने उभा राहतो. कोणी दिले तर घेतो, न दिले तर पुढे जातो. ज्याला जगाशी संबंधच तोडायचा होता, त्याने असे नियम केले नसते. चीनमध्ये पुढे काही मठांत भिक्षू शेती करू लागले, तेथील परंपरेने निराळी वाट धरली. पण मूळ योजना ही अशी होती.

आमच्या मते या योजनेत फार खोल विचार आहे. गृहस्थ आणि भिक्षू यांना तिने एका दोरीने बांधले. भिक्षूचे पोट गृहस्थाच्या हाती, आणि गृहस्थाला धर्म सांगायचा तो भिक्षूने. भिक्षू वाईट वागला तर गृहस्थ दार लावून घेऊ शकतो. गृहस्थ वाईट वागला तर काय, हे आम्ही पुढे सांगू.

लोकांचे म्हणणे बुद्ध किती मनावर घेत असे याची उदाहरणे विनयपिटकात जागोजाग आहेत. पावसाळ्यात तीन महिने भिक्षूंनी एके ठिकाणी राहावे, हा वर्षावासाचा नियम कसा झाला? पावसात हिंडणारे भिक्षू कोवळी हिरवळ तुडवितात, बारीकसारीक जीव पायांखाली मारतात, अशी लोकांनी कुरकुर केली. ती कानावर आली आणि नियम झाला. शेतकऱ्याच्या तक्रारीवरून संन्याशाचे वेळापत्रक ठरले, असे म्हटले तरी चालेल. दुसरी गोष्ट एका आजारी भिक्षूची. त्याला हगवण लागली होती आणि तो आपल्याच घाणीत पडून होता. बुद्ध आनंदाला घेऊन विहारात फिरत असता त्याने हे पाहिले. इतर भिक्षूंना विचारता ते म्हणाले की हा कोणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून याची सेवा कोणी करीत नाही. बुद्धाने स्वतः पाणी आणविले, आनंदाच्या मदतीने त्याला धुतले, खाटेवर निजविले आणि मग सर्वांना बोलावून सांगितले की तुम्हांला येथे आई नाही, बाप नाही; तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी, असा त्या उपदेशाचा भावार्थ आहे. निर्वाणाच्या वाटेवर असलेल्या माणसालाही शेजारच्या खाटेवरचा रोगी चुकत नाही, एवढे यातून स्पष्ट होते.

पण विहाराबाहेरच्या जगाचे काय? या बाबतीत रोहिणी नदीची गोष्ट प्रसिद्ध आहे. शाक्य आणि कोलिय या दोन शेजारी कुळांत रोहिणीच्या पाण्यावरून भांडण झाले आणि शस्त्रे निघाली. अट्ठकथेत असे सांगितले आहे की बुद्ध दोन्ही सैन्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला आणि त्याने विचारले, पाण्याची किंमत जास्त की माणसांच्या रक्ताची? शस्त्रे खाली आली. येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. शाक्य ही बुद्धाच्या बापाकडची माणसे, तर कोलिय त्याच्या आईकडची. तो कोणाच्याही बाजूने बोलला नाही. पाण्याची वाटणी करून देणारा पंचही झाला नाही. त्याने फक्त एक प्रश्न विचारला; आणि तो प्रश्न त्यालाच शोभला, कारण त्या पाण्यात त्याचा स्वतःचा एक थेंबही वाटा नव्हता.

आता आपल्या कोकणात येऊ. कुडे येथे 26 लेणी आहेत. त्यांतील शिलालेख वाचले तर दान देणारे कोण होते हे कळते: स्थानिक महाभोजांच्या घरची माणसे, तसेच माळी, वैद्य, लोखंडाचा व्यापारी, सार्थवाह म्हणजे तांड्याचा मालक. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. तेथे कल्याण, सोपारा आणि चेमुल येथील दात्यांची नावे कोरलेली आहेत. चेमुल म्हणजे चौल. आमच्यातले चेऊलकर हे आडनाव त्याच गावावरून आले. पावसाळ्यापुरता आडोसा म्हणून जे सुरू झाले ते पुढे दगडात कोरलेले कायमचे घर झाले. तेथे पाण्याची टाकी खोदली गेली, धर्मशाळा झाल्या आणि दानाचे हिशोबही आले. नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे, तो या दृष्टीने फार बोलका आहे. त्याने भिक्षुसंघासाठी 3000 कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेवले. त्यांपैकी 2000 वर दरमहा शेकडा 1 प्रमाणे व्याज, ते वीस भिक्षूंना वर्षावासात चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण मिळावे म्हणून. आणि 1000 वर शेकडा पाऊण टक्का, ते इतर किरकोळ खर्चासाठी. हिशोब चोख आहे: 2000 चे वर्षाचे व्याज 240, आणि वीस बारे 240.

दान देणाऱ्याची भावना उत्तम होती यात शंका नाही. परंतु ज्या संघाने सोन्यारुप्याला शिवायचे नाही, त्याच्या नावावर व्याज सुरू झाले. ज्याला कापड दारोदार मिळवायचे होते, त्याला ते श्रेणीकडून ठरल्या दराने मिळू लागले. येथे आम्ही कोणाला नावे ठेवीत नाही. सिनेगॉगसाठी ठेवी ठेवणारी आमचीही मंडळी होती व आहेत, आणि छपराला कौले घालायची तर पैसा लागतोच. आमचे म्हणणे एवढेच की व्याजावर पात्र भरू लागले म्हणजे गरिबाच्या दाराशी जाण्याचे कारण उरत नाही. बौद्ध धर्म आपल्या भागातून का नाहीसा झाला याची अनेक कारणे इतिहासकार देतात. त्यांत एक असेही सांगतात की विहार राजे आणि व्यापारी यांच्या आधारावर उभे होते. तो आधार गेला तेव्हा खाली गावात त्यांना धरून ठेवणारे कोणी राहिले नव्हते.

हा धागा मराठी मुलखात विसाव्या शतकात दोन थोर पुरुषांनी पुन्हा उचलला. पहिले धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळचा हा तरुण बुद्धाच्या ओढीने 1899 साली घर सोडून निघाला आणि 1902 साली सिलोनमध्ये त्याने चीवर घेतले. पुढे त्यांनी चीवर उतरविले, संसार सांभाळला, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकविली, अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ग्रंथांचे संशोधन केले, 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरून तुरुंग पाहिला, आणि परळच्या कामगार वस्तीत 'बहुजन विहार' काढला. 1947 साली सेवाग्रामला त्यांचा अंत झाला. 'भगवान बुद्ध' या आपल्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की गौतमाने घर सोडले ते म्हातारा, रोगी आणि प्रेत अकस्मात पाहून नव्हे; शाक्य आणि कोलिय यांच्यातील शस्त्रांच्या भांडणाचा त्याला वीट आला हे त्याचे खरे कारण. हे म्हणणे मान्य केले तर गृहत्यागाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. संसाराच्या प्रश्नाचे उत्तर भांडणाऱ्यांच्या गर्दीत सापडत नाही, म्हणून तो बाहेर पडला, असे होते.

दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास त्यांनी भिक्षू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि लगेच स्वतः, एक गृहस्थ असून, लाखो अनुयायांना दीक्षा दिली. दीक्षा देण्याचा अधिकार चीवराबरोबरच येतो, ही समजूत त्यांनी त्या एका कृतीने मोडली. त्यांच्या निधनानंतर 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रारंभी त्यांनी जे प्रश्न उभे केले आहेत त्यांत एक भिक्षूविषयी आहे: भिक्षू निर्माण करण्यात बुद्धाचा हेतू काय होता? परिपूर्ण माणूस घडविणे, की समाजाचा सेवक घडविणे? तो केवळ परिपूर्ण माणूस असेल तर धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही, कारण परिपूर्ण असूनही तो स्वार्थीच राहतो. तो समाजसेवक असेल तरच बौद्ध धर्माला आशा आहे, असे त्यांनी स्पष्टपणे म्हटले. ज्या समाजाला हजारो वर्षे पाण्याला शिवू दिले नाही, त्याचा पुढारी हा प्रश्न इतक्या कडकपणे विचारणार हे उघड आहे. उपाशी माणसाला शेजारी बसलेला तृप्त संत काय कामाचा?

मग उत्तर सोपे झाले काय? भिक्षूने सरळ सेवेत आणि राजकारणात उतरावे? येथे इतिहास आपल्याला थांबवितो.

श्रीलंकेत 25 सप्टेंबर 1959 रोजी पंतप्रधान बंदरनायके यांच्यावर सोमाराम नावाच्या भिक्षूने त्यांच्या घरी गोळ्या झाडल्या. पंतप्रधानांनी भिक्षू दिसताच त्याला नमस्कार केला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. कटाच्या मुळाशी केलनिया येथील प्रसिद्ध विहाराचा प्रमुख भिक्षू होता असे न्यायालयात ठरले. याच भिक्षूने 1956 च्या निवडणुकीत बंदरनायके यांना सत्तेवर आणण्यासाठी रान उठविले होते. त्याच देशात 2004 साली 9 भिक्षू पार्लमेंटात निवडून आले, आणि तमिळ बंडखोरांशी समझोता नको, असा त्यांच्या पक्षाचा आग्रह राहिला. ब्रह्मदेशात 2012 नंतर काही भिक्षूंनी मुसलमानांच्या दुकानांवर बहिष्कार घाला असा प्रचार चालविला; आणि 2017 साली सैन्याच्या कारवाईमुळे सात लाखांवर रोहिंग्या लोक बांगलादेशात पळाले, तेव्हा सैन्याची पाठराखण करणाऱ्यांत चीवरधारीही होते. परक्याच्या द्वेषाची झळ काय असते हे आम्हां यहुदी लोकांना कोणी शिकवायला नको. अंगावर चीवर असले म्हणजे मनातला द्वेष जातो असे नाही. उलट त्याला धर्माचे पाठबळ मिळते आणि तो अधिक भयंकर होतो.

तेव्हा जगापासून दूर राहणारा भिक्षू स्वार्थी ठरतो आणि जगात उतरणारा भिक्षू धोक्याचा ठरतो. यातून वाट कोणती? आमच्या अल्पबुद्धीला असे वाटते की ती वाट त्या पात्रातच आहे, आणि ती समजण्यासाठी आपण मघाशी राहून गेलेल्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. गृहस्थ वाईट वागला तर भिक्षूच्या हाती काय?

विनयात यासाठी एक विधी सांगितला आहे. त्याला 'पत्तनिक्कुज्जन' म्हणतात, म्हणजे पात्र पालथे करणे. वड्ढ नावाच्या एका लिच्छवीने दुसऱ्यांच्या चिथावणीवरून दब्ब मल्लपुत्त या निर्दोष भिक्षूवर आपल्या बायकोशी व्यभिचार केल्याचा खोटा आळ घेतला. संघाने ठरविले की वड्ढाच्या घरचे अन्न घ्यायचे नाही. त्याला कोणी शिक्षा केली नाही किंवा शाप दिला नाही. फक्त त्याचे दान नाकारले. वड्ढाला हे ऐकून मूर्च्छा आली. त्याने येऊन चूक कबूल केली, क्षमा मागितली, आणि संघाने पात्र पुन्हा सुलटे केले.

ब्रह्मदेशात हे शस्त्र आमच्या काळात दोनदा निघाले. 1990 च्या ऑगस्टमध्ये मंडाले येथे सैनिकांनी मिरवणुकीवर गोळीबार केला, त्यानंतर भिक्षूंनी सैनिकांच्या कुटुंबांकडून भिक्षा घेणे बंद केले. पुन्हा 2007 साली इंधनाचे भाव एका रात्रीत भडकले, गरिबांना बसभाडे परवडेनासे झाले, आणि लोकांच्या बाजूने भिक्षू रस्त्यावर आले. पकोक्कू येथे सप्टेंबरच्या 5 तारखेला सैनिकांनी भिक्षूंना मारहाण केली. भिक्षूंनी माफी मागण्यासाठी मुदत दिली; ती मिळाली नाही. तेव्हा हजारो भिक्षू अनवाणी रस्त्याने चालू लागले आणि त्यांतल्या काहींनी आपली काळी पात्रे पालथी धरली होती. ज्या देशात दान केल्याने पुण्य लागते अशी सर्वांची, सेनापतींचीही, दृढ श्रद्धा आहे, तेथे 'तुमच्या हातचे आम्ही घेणार नाही' या वाक्याचा अर्थ काय होतो हे वाचकांनी कल्पनेने जाणावे. बंदूक ज्याच्या हाती आहे त्याला भिक्षूने दाखवून दिले की पुण्य विकत मिळत नाही.

आता द्वेषाचा प्रचार करणारा भिक्षू आणि पात्र पालथे करणारा भिक्षू, दोघेही संसारात उतरले. दोघांत फरक कोणता? आम्हांला तीन फरक दिसतात. पहिला असा की पात्र पालथे करणारा स्वतःसाठी काही मागत नाही. उलट हातचे गमावितो. त्या दिवशी उपाशी राहण्याची पाळी त्याच्यावर येते, सेनापतीवर नाही. खुर्ची मागणारा, निवडणूक लढविणारा भिक्षू मात्र काहीतरी मिळवायला निघालेला असतो. दुसरा फरक असा की पात्र माणसाच्या कृत्यासाठी पालथे होते, जन्मासाठी नव्हे. बुद्धाच्या संघात उपाली न्हावी होता, सुनीत रस्ते झाडणारा होता. अमक्या जातीचे दार वगळा असे पात्राला शिकविलेले नाही. तिसरा फरक आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: पालथे पात्र पुन्हा सुलटे होऊ शकते. वड्ढाला परतीची वाट मोकळी होती. ज्याचा द्वेष जन्मावरून केला जातो, त्या माणसाने क्षमा कशाची मागावी आणि परत यावे ते कोठे?

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पालथ्या पात्रांनी काय साधले? 26 सप्टेंबर 2007 पासून सैन्याने विहारांवर छापे घातले, भिक्षू पकडले, काही माणसे मारली गेली. सेनापती जागच्या जागी राहिले. पुढे थोडी वर्षे मोकळीक आली आणि फेब्रुवारी 2021 मध्ये सैन्याने पुन्हा सत्ता बळकावली. आम्ही हे झाकून ठेवू इच्छीत नाही. पात्राने सिंहासन उलथत नाही. आणि ते उलथविण्याची ताकद त्यात आली तर ते पात्र राहणार नाही, तेही एक सिंहासन होईल. त्याचे काम निराळे आहे. जे वाईट आहे त्याला धर्माचा शिक्का मिळू न देणे, हे ते काम. एवढे तरी घडले. व्हिएतनाममधले तिक न्यात हान्ह यांचे उदाहरण याच जातीचे आहे. 1960 नंतरच्या युद्धाच्या वर्षांत त्यांनी तरुणांची समाजसेवेची शाळा काढली. बॉम्बने उद्ध्वस्त झालेली खेडी ती मुले पुन्हा उभारीत. ते कोणत्याच बाजूचे नसल्यामुळे दोन्ही बाजूंना त्यांचा संशय आला. 1966 साली ते शांततेसाठी परदेशी गेले, आणि मग जवळजवळ चाळीस वर्षे त्यांना मायभूमीत पाऊल टाकता आले नाही. 2022 च्या जानेवारीत ह्यू शहरातल्या, जेथे त्यांनी लहानपणी दीक्षा घेतली होती त्याच, विहारात त्यांचे निधन झाले. मात्र ध्यान सोडून सेवा करा असे त्यांनी कधी शिकविले नाही. स्वतःचा राग न शमविता जो रस्त्यावर उतरतो तो रस्त्यावर रागच घेऊन जातो, असे ते मानीत. रानात एकटे बसणाऱ्या भिक्षूला निरुपयोगी म्हणण्यापूर्वी आम्ही याचाही विचार केला पाहिजे.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. रब्बी शिमोन बार योहाई यांची तालमूदमधली कथा आमच्या वाचकांना ठाऊक आहे. रोमी सत्तेच्या भयाने ते आणि त्यांचे पुत्र एलाझार बारा वर्षे गुहेत राहिले आणि अहोरात्र तोरा शिकले. बाहेर आले तो माणसे नांगरताना, पेरताना दिसली. अनंतकाळचे जीवन सोडून हे लोक क्षणभंगुर कामात गुंतले, म्हणून त्यांना संताप आला. जेथे जेथे त्यांची नजर पडली तेथे तेथे सर्व जळून गेले. तेव्हा आकाशवाणीने त्यांना, माझे जग नष्ट करायला बाहेर आलात काय, असे खडसावून आणखी एक वर्ष गुहेत परत पाठविले. दुसऱ्यांदा ते बाहेर आले तेव्हा शुक्रवारची सांज होती. एक म्हातारा हदासच्या दोन जुड्या घेऊन शब्बाथसाठी लगबगीने घरी चालला होता. त्याला पाहून बापलेकांचे मन शांत झाले. गुहेतून बाहेर कसे यावे हे आमच्या या मुनींना कोणा पंडिताने शिकविले नाही. घरी निघालेल्या एका साध्या गृहस्थाने ते शिकविले.

आमचे पूर्वजही तसेच गृहस्थ होते. कोकणात त्यांना शतकानुशतके ना रब्बी होता, ना येशिवा. घाणा चालवून, आठवड्यातून एक दिवस बैल सोडून, ते 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेले आणि एवढ्यावर त्यांनी धर्म टिकविला. बौद्ध गृहस्थही उपोसथाच्या दिवशी, अमावास्येला आणि पौर्णिमेला, आठ शीले घेऊन एक दिवस भिक्षूसारखा राहतो. एक दिवस हात काढून घ्यायचा आणि उरलेले दिवस त्याच हातांनी काम करायचे, हा मार्ग गृहस्थाला दोन्ही धर्मांनी दिला आहे.

आणि इस्राएलमधला तो वाद? 1948 साली राज्य स्थापन झाले तेव्हा बेन गुरियन यांनी सुमारे 400 येशिवा विद्यार्थ्यांना सैन्यातून मोकळीक दिली. ती संख्या वाढत जाऊन अनेक हजारांवर गेली आणि 25 जून 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की कायद्याचा आधार नसल्याने त्यांना सैन्यात घेतले पाहिजे. वाद त्याने मिटला नाही. ज्या आईचा मुलगा सीमेवर आहे तिचा प्रश्न एका बाजूला, आणि तोराचे अध्ययन हेच या राष्ट्राचे रक्षण असे मनापासून मानणारा दुसऱ्या बाजूला. आम्ही येथे निवाडा देत नाही. तोराचा विद्यार्थी हा भिक्षू नव्हे. त्याला बायकामुले आहेत, आणि त्याची परंपराही निराळी आहे. पण बौद्धांच्या इतिहासातून आम्ही जे शिकलो ते दोन्ही बाजूंना विचारता येईल. जो वेगळा बसला आहे त्याला विचारावे: ज्याच्या हातचे तू खातोस त्याच्या दाराशी तू रोज उभा राहतोस काय, त्याचे तोंड पाहतोस काय, की तुझे पात्र तो न दिसताच भरते? आणि जो देतो आहे त्याला विचारावे: तुला राग आला आहे तो त्या माणसाच्या वागण्याचा, की त्याच्या टोपीचा आणि कोटाचा? त्याने उद्या पाऊल पुढे टाकले तर तुझे दार उघडे आहे काय?

वाचकांना या विषयावर जे वाटते ते, आमच्याशी सहमत असो वा नसो, त्यांनी अवश्य लिहून पाठवावे. शालोम.